शिक्षकांना शिकायचंय, पण केंद्र खाडीपलीकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या २३ नोव्हेंबरला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, मी पण दिली. गुहागर तालुक्यात एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी २००८ पासून शिकवते. शिक्षणसेवक म्हणून ३ हजार मानधनावर लागले तेव्हा टीईटी नावाची परीक्षाच नव्हती, आपल्या राज्यात ती पहिल्यांदा झाली २०१३ च्या डिसेंबरात. आता सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आलाय, ज्यांची ५ वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांनी २ वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची, आणि ज्यांची ५ पेक्षा कमी राहिलीय त्यांना नोकरी आहे पण टीईटीशिवाय प्रमोशन नाही. तेव्हापासून आमच्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नाही. पेपरात सुद्धा रोज येतंय, पण जे येतंय ते सगळं परीक्षा हवी की नको एवढंच. मला त्याच्या अलीकडचं सांगायचंय.

मी शिक्षकांनी शिकण्याच्या विरोधात नाही, उलट स्वतः डी.एड.नंतर बी.ए. केलं मुक्त विद्यापीठातून आणि मग नोकरी करत दूरशिक्षणाने बी.एड. केलं, २०१७ ते २०१९. केंद्र मिळालं खाडीपलीकडे दापोलीच्या बाजूला. म्हणजे धोपाव्याहून फेरीबोट, दाभोळला उतरायचं आणि पुढे एसटी. पावसात वारा वाढला आणि फेरी थांबली की चिपळूण-खेड फिरून जायचं, त्यात जायलाच दिवस जातो. दुसऱ्या वर्षी एक कार्यशाळा नेमकी गौरी-गणपतीत आली, कोकणातल्या बाईने गौरी आणायच्या सोडून कुठे जावं सांगा, पण हजेरी भरली नाही तर वर्ष जातं म्हणून गेले, घरी सासूबाईंनी सगळं एकटीने केलं. मुलगी तेव्हा ४ वर्षांची होती. असाइनमेंट लिहायच्या रात्री दहानंतर, लाईट असली तर.

तरी मी म्हणेन की त्या बी.एड.ने मला खूप दिलं, आणि एकच गोष्ट सांगते म्हणजे पटेल. दुसरीतली मुलं बावन्न सांगितलं की २५ लिहायची. दरवर्षी. मी १० वर्षं त्याला निष्काळजीपणा समजत होते, दहा-दहा वेळा लिहून घ्यायचे, रागवायचे पण. बी.एड.ला कृतिसंशोधन करायचं होतं म्हणून मी हाच विषय घेतला आणि महिनाभर नुसत्या चुका टिपून ठेवल्या, तेव्हा लक्षात आलं की मूल कानाने ऐकतं तसंच लिहितंय, 'बा' म्हणजे दोन आधी ऐकू येतात, पन्नास मागून. त्रेसष्टचे ३६, सत्तेचाळीसचे ७४, सगळं त्याच वाटेने. मग मी मुलांकडून माडाचे हीर आणवले, केरसुणीला काढतात तेच, दहा-दहाच्या जुड्या काथ्याने बांधून घेतल्या. बावन्न म्हटलं की आधी पाच जुड्या उचलायच्या, मग सुटे दोन, आणि मगच पाटीवर लिहायचं. एक मुलगा होता, मासेमारी करणाऱ्या घरातला, तो जुड्या हातात धरून मला म्हणाला, "बाई, म्हणजे बोलताना सुटे आधी न् लिहिताना जुडी आधी." त्या दिवशी मला माझी १० वर्षं आठवून वाईट वाटलं. पुढे २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं आणि त्यावरून राज्यभर केवढा गदारोळ झाला, तेव्हा मी पालकसभेत उभी राहून ही जुड्यांची गोष्ट सांगितली, लोकांनी शांतपणे ऐकून घेतली.

शिकणं मला हे असं मिळालं, स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या मुलांबरोबर. टीईटीचं तसं नाही. १५० प्रश्न, अडीच तास, बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास प्रत्येकी ३०, पास व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. नवीन लागणाऱ्यांना ही परीक्षा ठीक आहे, निगेटिव्ह मार्किंग नाही, अभ्यास केला तर जमते. पण २० वर्षं वर्गात काढलेल्या माणसाचं काम त्यात कुठेच दिसत नाही.

आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एक गुरुजी आहेत, वय ५१, म्हणजे ७ वर्षं राहिलीत, म्हणजे सुटका नाही. या माणसाने शाळेमागच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, मुलांना नेऊन पाणी कुठून येतं कुठे जातं ते शिकवलेलं आहे, त्यांनी शिकवलेली मुलं आज इंजिनिअर आहेत. ते टीईटीला रत्नागिरीत माझ्याच परीक्षा केंद्रावर होते, आदल्या दिवशी येऊन नातेवाइकांकडे राहिलेले, हातात २२ वर्षांच्या मुलांकडे असतात तीच गाईडं. इंग्रजीची फार भीती वाटते म्हणाले. मला बघवलं नाही.

अजून एक. पदवी घेतली तरी तिचा उपयोग व्हायला सेवापुस्तकात नोंद लागते. माझ्या बी.एड.ची नोंद व्हायला सव्वादोन वर्षं गेली, तीन वेळा झेरॉक्स दिल्या, एकदा फाईलच सापडेना. त्या काळात पदवीधर शिक्षकाच्या यादीत माझं नाव येऊ शकलं नाही. कोणावर राग काढायचा नाही, तिथे पण माणसं कमी आहेत, पण नुकसान माझं झालं ते झालंच. आणि एम.एड.चं तर मनातच ठेवलं. रोज कॉलेजात जाऊन २ वर्षं करायचं तर रजा कोण देणार, दोन शिक्षकी शाळेतली एक बाई गेली तर पाचही वर्ग एकाच्या गळ्यात. तशी कोकणात पदं रिकामी राहतातच, घाटावरचे शिक्षक इथे लागतात, जिल्हाबदली मिळाली की आपल्या गावाला जातात, त्यांचंही चुकत नाही, त्यांची आईबापं तिकडे. पण मग उरलेल्यांनी शाळा, पोषण आहार, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, ऑनलाईन माहित्या, सगळं सांभाळून अभ्यास करायचा कधी?

म्हणून माझं म्हणणं आहे की परीक्षा घ्यायचीच असेल तर आधी शिकवा. आपल्या जिल्ह्याला डाएट, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाची संस्था आहे, दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते, तिथे आम्ही बरेचदा परिपत्रकं ऐकून परत येतो. त्याच परिषदेत टीईटीचे विषय घेता येतील, इंग्रजी आणि बालमानसशास्त्र आधी, कारण अडतं तिथेच. परीक्षेचं केंद्र निदान चिपळूण, दापोली, खेड असं तालुक्याला द्या, मंडणगडच्या बाईने रत्नागिरीला मुक्कामाला का यावं. दूरशिक्षणाच्या बी.एड.ची संपर्कसत्रं ठरवताना गणपती, शिमगा बघून ठरवा. आणि १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं, २४ वर्षांनी निवड श्रेणीचं प्रशिक्षण आम्हाला करावंच लागतं, त्यात प्रत्येकाकडून स्वतःच्या वर्गातला एक प्रश्न सोडवून घ्या, माझ्या बावन्नसारखा, आणि त्याला गुण द्या. सरकारने कायद्यात बसवून हे टीईटीच्या जोडीने धरावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

आमच्या केंद्रात टीईटी द्यावी लागणारे ९ जण आहेत. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी आम्ही सगळे यायला तयार आहोत, गुरुजीसुद्धा. आमच्या शाळेची खोली उघडी ठेवायची जबाबदारी मी घेते, शिकवणारं माणूस तेवढं पाठवा.

आपली नियमित वाचक,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. गुहागर, जि. रत्नागिरी