थर्माकोलच्या साच्यातली भिंत सोलापुरात जोत्यावर आणा, पायात नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर अमेरिकेतल्या बांधकामाचे व्हिडिओ फिरायलेत. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, आत सळई टाकायची, पंपानं काँक्रीट सोडायचं, झाली भिंत, सेंट्रिंग खोलायचं कामच नाही. त्याला आयसीएफ (इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म) म्हणतात. काही कॉन्ट्रॅक्टर मित्र विचारायलेत की हे काम आपणपण चालू करू का, आणि व्हिडिओत जास्त करून पायाच दाखवतात म्हणून सुरुवात पायापासूनच करायची असं त्यांच्या डोक्यात बसलंय. मी सोलापुरात घरबांधणीची कामं घेतो. ही पद्धत मला पटलीय, ती इथं यावी असं मनापासून वाटतंय, पण आपल्याकडं ती पायात नको, जोत्याच्या वर पाहिजे, आणि असं का ते बांधकामवाल्यांना आणि घर बांधणाऱ्यांना कळावं म्हणून हे पत्र.

यात दोन बाजूला साधारण अडीच-अडीच इंचाची थर्माकोलची पाटी असते, दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जोडलेल्या, मधे ४, ६ किंवा ८ इंचाची जागा काँक्रीटला. काँक्रीट आत जातं आणि साचा कायमचा तिथंच राहतो. ही काही कालची गोष्ट नाही, कॅनडातल्या वर्नर ग्रेगोरी नावाच्या एका कॉन्ट्रॅक्टरनंच १९६६ मध्ये फोमच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, म्हणजे ही कल्पना आपल्यासारख्याच साइटवर उभं राहणाऱ्या माणसाची आहे.

आता तिकडं पायात का वापरतात ते बघा. अमेरिकेच्या उत्तरेला हिवाळ्यात जमीन गोठते, मातीतल्या पाण्याचा बर्फ झाला की माती फुगून वर येते आणि वरचं घर उचलते. म्हणून मिनेसोटासारख्या राज्यात फुटिंग, म्हणजे पायाचा तळ, ४२ ते ६० इंच खाली न्यायचा नियम आहे. एवढं खोदलंच आहे तर आणखी खाली जाऊन तळघर करून टाकतात, आणि त्या तळघरात माणसं राहतात, हीटर चालतो, म्हणून तिथल्या भिंतीला थर्माकोल लागतो. आपल्याकडं बर्फ नाही पण काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे जमीन हलायचा त्रास त्यांनाबी आहे आणि आपल्यालाबी, कारण वेगळं. आणि आपल्या मातीवर इलाज थर्माकोल नाही, इलाज आहे खोली. आपल्याकडं मुरूम लागेपर्यंत खोदायचं, आणि काळी माती फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल भरलेला काँक्रीटचा खांब, ज्याला खाली पाइलच्या अडीच पट व्यासाचा फुगा असतो. रुरकीच्या सीबीआरआय या केंद्र सरकारच्या बांधकाम संशोधन संस्थेनं ही पद्धत काळ्या मातीसाठीच बसवलेली आहे आणि ते पाइल साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण त्याच्या वरच्या मातीतला ओलावा ऋतूप्रमाणं कमीजास्त होत राहतो. सोलापुरात एका प्लॉटला दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो आणि ओढ्याकडंच्या प्लॉटला काळी माती संपता संपत नाही, हे इथल्या कुठल्याबी जेसीबीवाल्याला विचारा. तेव्हा माती तपासायचा खर्च वाचवून तो पैसा थर्माकोलच्या पायात घालायचा सल्ला कुणी देत असेल तर कृपा करून ऐकू नका.

दुसरं म्हणजे जमिनीखाली थर्माकोलचा आपल्याला फायदाच नाही. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असतं तेव्हा जोत्याखालची माती त्यापेक्षा कितीतरी थंड असते, तो गारवा आपल्याला हवाच आहे, त्याला अडवून काय मिळणार. उलट वाळवीची भीती वाढते. वाळवी थर्माकोल खात नाही, पण त्याच्यातनं वाट करून वर येते आणि बाहेरून काही दिसत नाही, चौकट पोकळ झाल्यावरच कळतं. खुद्द अमेरिकेच्या घरबांधणीच्या कोडमध्ये जिथं वाळवी फार आहे तिथं जमिनीखाली फोम वापरायला बंधन आहे, आणि जमिनीच्या वर लावलेला फोम आणि जमीन यातबी ६ इंचाचं अंतर उघडं ठेवायला सांगितलंय जेणेकरून वाळवीची रेघ नजरेस पडावी. शिवाय आपल्याकडं पायाला डांबर मारायची पद्धत आहे. गरम डांबर किंवा थिनरमधलं काळं रंगकाम थर्माकोलला लागलं की तो जागेवर विरघळतो, रॉकेलमध्ये कालवलेलं वाळवीचं औषधपण तेच करतं, आणि साइटवरच्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून म्हणतो, फुटिंग, कॉलमचे बुंधे, प्लिंथ बीम हे आपल्या नेहमीच्या पद्धतीनं करा, आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणं वाळवीचं औषध मारा, मुरुमाची भर टाका, आणि जोत्याच्या वर जमिनीपासून नीट अंतर सोडून मग हे ठोकळे लावा.

जोत्याच्या वर मात्र याचं सोनं होईल. एक इंच थर्माकोल उष्णता जेवढी अडवतो तेवढी अडवायला ढोबळ हिशोबानं वीस-बावीस इंच विटेची भिंत लागते. कुल्फीवाला थर्माकोलच्या पेटीत कुल्फी घेऊन भर उन्हात फिरतो, तेच काम घराच्या भिंतीत करायचं. आणि सोलापुरात हे चैनीचं काम नाही हो. इथं हजारो बायका घरात बसून विड्या वळतात, दुपारची उन्हं भिंतीत मुरतात आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती भिंत आत वाफा सोडत राहते. लूम असलेल्या घरात तर मशीनची उष्णता वेगळी. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा संध्याकाळी सातला, कळेल. एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला आधीच सांगायला पाहिजे की सगळ्यात जास्त ऊन छत घेतं, भिंती थर्माकोलच्या केल्या आणि वर उघडा स्लॅब नाहीतर पत्रा ठेवला तर निम्मं काम वाया. घरातली वीज वाचावी म्हणून केंद्रानं केलेल्या इको निवास संहितेत छताला वेगळी मर्यादा घातलीय ती उगीच नाही.

पण माझ्या मते सोलापूरसाठी उन्हापेक्षाबी मोठा फायदा पाण्याचा आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. काँक्रीटचं मानक आयएस ४५६ सांगतं की काँक्रीटला कमीत कमी ७ दिवस पाणी, आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर १० दिवस. आपल्याकडं आता बहुतेक पीपीसीच येतंय आणि हवा तर कोरडी-गरमच. गावात नळाला पाणी कैक वर्षं तीन-चार-पाच दिवसांआड. टँकर मागवायचा, पोतं बांधायचं, वॉचमनला सांगायचं, आणि प्रत्यक्षात उभ्या कॉलमला, भिंतीला पाणी दोन दिवस नीट पडतं आणि तिसऱ्या दिवशी पोतं कोरडं. माणसाच्या प्यायला पाणी नसताना भिंतीवर पाणी मारायला जीव होत नाही हे पण खरंय. ठोकळ्याच्या आतलं काँक्रीट दोन्ही बाजूंनी झाकलेलं असतं, त्याच्यातलं पाणी उडून जात नाही, ते स्वतःच्याच ओलाव्यावर पिकतं. वरचा उघडा भाग तेवढा झाकायचा आणि ओला ठेवायचा. एका बंगल्याच्या भिंतींना किती टँकर वाचतील याचा हिशोब ज्यानं त्यानं आपल्या साइटवर करून बघावा.

आता धंदा म्हणून कुणी हे चालू करणार असेल तर खरी अडचण ठोकळ्याची नाही, माणसांची आहे. ओलं काँक्रीट ४ फूट उंच भरलं की खाली चौरस मीटरला जवळपास तीन टनांचा दाब येतो आणि तो पेलायचा आहे थर्माकोलनं. म्हणून एका फेरीत तीन-चार फुटांपेक्षा जास्त भरायचं नाही, सगळ्या घराला गोल फिरत थर चढवायचे. खडी बारीक पाहिजे, व्हायब्रेटरची सुई बारीक, आणि ती एका जागी धरून ठेवायची नाही. एका बाजूनं टेकू लावून ओळंबा धरायचा आणि भरताना दर थोड्या वेळानं दोरी बघायची. आपल्याकडं स्लॅबच्या दिवशी जी घाई असते, आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी उभी आहे, पंपाचं भाडं चढायलंय, लवकर ओता लवकर ओता, ती घाई इथं चालली की साचा फुटून काँक्रीट अंगणात. आणि काही ठिकाणी आत पोकळी राहिली तर ती दिसणारपण नाही कारण साचा निघतच नाही, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. नेहमीच्या कामात फळ्या काढल्या की हनीकोंब दिसतं, मालक ओरडतो, आपण भरून घेतो. इथं भरणाऱ्याच्या हातावरच सगळा विश्वास. तेव्हा रोज नाक्यावरनं नवी माणसं उचलून हे काम होणार नाही, गवंडी, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर अशी ठरलेली टोळी पाहिजे, पाइप कुठून जाणार ते ओतायच्या आधी ठरलेलं पाहिजे.

पैशाचं पण स्पष्ट बोलतो. ६ इंची काँक्रीटच्या १०० चौरस फूट भिंतीला अर्धा ब्रास (५० घनफूट) काँक्रीट जातं, सळई वेगळी. आपल्याकडं कन्सल्टंटच्या सवयीनं आधी कॉलम-बीमचा सांगाडा होतो आणि भिंत नुसती भरायला असते. सांगाडापण ठेवला आणि आयसीएफपण लावलं तर खर्च डबल. ही भिंत स्वतः भार घेते, तिला भार घ्यायला लावलं, कॉलम काढले, सेंट्रिंग वाचलं, टँकर वाचले, दिवस वाचले तरच हिशोब बसतो. त्यासाठी भूकंपाचं बघून डिझाइन करणारा आरसीसी कन्सल्टंट आधी गाठा. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्या भागातली माणसं विसरलेली नाहीत, दगड-मातीच्या भिंतीखाली गावंच्या गावं गाडली गेली, त्यामुळं सलग सळईच्या भिंतीची किंमत इथं कुणाला समजावून सांगायला लागत नाही. पण आपल्याकडं घर टप्प्याटप्प्यानं वाढतं, पोराचं लग्न ठरलं की वरचा मजला निघतो, मधेच दुकानाचा गाळा काढायचा असतो. या भिंतीत नंतर दार पाडणं सोपं नाही, म्हणून पुढचं सगळं आधीच नकाशात घ्यायला लावा. गिऱ्हाईक भिंतीवर ठोकून बघणार आणि आवाज पोकळ येणार, तेव्हा त्याला एक तुकडा कापून आतलं काँक्रीट दाखवा.

आगीबद्दल कुणी हलक्यात घेऊ नये. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. थर्माकोल जळतो आणि धूर वाईट असतो. आयएस ४६७१ मध्ये आपोआप विझणारा एसई प्रकार आहे, तोच घ्यायचा, आणि आतून-बाहेरून जाळी लावून पूर्ण प्लास्टर केल्याशिवाय घरात माणूस राहायला पाठवायचा नाही. साधं सिमेंट प्लास्टर थर्माकोलला धरत नाही हे पण लक्षात ठेवा. आणि माल विकणाऱ्याकडं बीएमटीपीसीचं, म्हणजे केंद्राच्या बांधकाम साहित्य परिषदेचं, सर्टिफिकेट मागा, नुसत्या रंगीत पत्रकावर जाऊ नका.

साचा आतच ठेवायची पद्धत सरकारला नवीन नाही. १ जानेवारी २०२१ ला ज्या सहा शहरांत केंद्राच्या लाइट हाऊस या घरकुल प्रकल्पांचा पाया घातला त्यातल्या लखनौमध्ये पीव्हीसीचा कायमचा साचा वापरलाय. मग सोलापुरात निदान नमुना तरी व्हावा. माझी विनंती आहे की वालचंद कॉलेज किंवा शासकीय तंत्रनिकेतननं आपल्या आवारात दोन सारख्या खोल्या शेजारी शेजारी बांधाव्यात, एक विटेची, एक आयसीएफची, दोन्हीला छत सारखंच, आत थर्मामीटर लावावेत आणि आकडे रोज बाहेर फळ्यावर लिहावेत. बांधताना शहरातल्या मिस्त्री लोकांना बोलवावं. बांधकाम खर्चावर जो १ टक्का उपकर कामगार कल्याण मंडळाकडं जातो त्यातनं या टोळ्यांच्या ट्रेनिंगची सोय व्हावी आणि त्या दिवसांची हजेरीपण मिळावी, कारण हातावर पोट असलेला गवंडी रोज बुडवून शिकायला येणार नाही. महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागानं अशा घराच्या नकाशाला काय काय कागद लागतील ते एकदा लेखी जाहीर करावं म्हणजे कन्सल्टंटपण सही करायला पुढं येतील. दिवाळीनंतर काम धरलं तर खोल्या मार्चच्या आत उभ्या राहतात आणि येत्या उन्हाळ्यातच आकडे हातात येतील.

आपला,
एक बांधकाम कॉन्ट्रॅक्टर, जुळे सोलापूर