मिसिंग सापडलं, दत्ता

लेस्टर,
14 नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

सापडलं! तीन महिने छळणारं माझ्या गाडीचं ते मिसिंग, म्हणजे इंजिनाचा एखादा सिलिंडर मध्येच न पेटणं, परवा रात्री मी डोळ्यांनी पाहिलं. फोनवर तुला अर्धवटच सांगितलं होतं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

गाडी तुला ठाऊक आहे, 1991 ची माझदा एमएक्स-5, 1.6 लिटरची. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनाचं चालणं, एकदम एकसारखं. पण चौथ्या गिअरमध्ये, अडीच हजार आरपीएमच्या आसपास, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की झटके. तेही रोज नाहीत. इथल्या एका गॅरेजवाल्याने पेट्रोल फिल्टर बदलला, काही फरक नाही. मग मी चारही प्लग, सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे, नवे टाकले. तीन आठवडे गाडी सुरेख चालली आणि पुन्हा तेच सुरू झालं. प्लग नवे असूनही झटके येतात, म्हणजे दोष प्लगमध्ये नाही, असं मी धरून चाललो. इथेच चुकलो.

शेवटी वही घातली. झटका आला की हवा, गिअर, आरपीएम, इंजिन थंड की गरम, सगळं लिहायचं. बारा नोंदींपैकी नऊ पावसाच्या किंवा दमट दिवसांच्या, आणि बाराही लोडवरच्या, म्हणजे इंजिनावर भार असतानाच्या. दुसऱ्या गिअरमध्ये मात्र सहा हजारांपर्यंत इंजिन मोकळं पळायचं. पेट्रोल कमी पडत असतं तर तिथेच आधी अडलं असतं. म्हणून मी करंटच्या मागे लागलो. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढ्यात दुसरी सोपी वाट मिळाली, की करंट प्लगची फट सोडून तिकडून जातो. पावसाळ्यात उद्यमनगरच्या गॅरेजात अप्पा पद्मिनीच्या डिस्ट्रिब्यूटरची (प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप कोरड्या फडक्याने पुसत बसायचे, ते कशासाठी, हे मला इतक्या वर्षांनी नीट कळलं.

या गाडीला डिस्ट्रिब्यूटर नाही. ठिणगीचं जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या दोन कॉइल आहेत, एक 1 आणि 4 नंबरच्या सिलिंडरसाठी, दुसरी 2 आणि 3 साठी. कॉइल गेली तर जोडीच बसते. प्लगवायरी मीटरवर मोजल्या, सगळ्या ठीक. पण मीटर सेलच्या व्होल्टेजवर मोजतो रे, आणि गळती होते ती हजारो व्होल्टला!

परवा रात्री दिवे घालवले, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि इस्त्रीच्या बाटलीने वायरींवर पाण्याचे बारीक तुषार मारले. हात लांब ठेवूनच. क्षणभरात चट् चट् आवाज आला आणि तिसरा प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो तिथे निळा उजेड लुकलुकला. इंजिन आयडलिंगलाच अडखळायला लागलं. खात्रीसाठी सिलिंडरला पेट्रोल सोडणाऱ्या एकेका इंजेक्टरचं कनेक्शन काढून पाहिलं (प्लगवायर उपटली असती तर कॉइललाही त्रास आणि हातालाही). 1, 2, 4 ला इंजिन खाली बसलं. 3 ला काहीच फरक नाही.

प्लग काढला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल झिरपून खड्ड्यात साचलं होतं. त्याने वायरची रबरी टोपी नरम पडून चिरली होती. आणि प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलीनवर वरपासून खालच्या लोखंडापर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी केसाएवढी काळी रेष! कार्बनची. इतक्या नव्या प्लगवर! एकदा ती उमटली, की करंट दर वेळी तिच्यावरूनच धावतो. जुन्या टोपीने माझा नवा प्लग जाळला होता. नुसत्या वायरी बदलल्या असत्या, तर त्या प्लगने नवी टोपी जाळली असती. ते चांगले गेलेले तीन आठवडे म्हणजे ती रेष तयार व्हायला लागलेला वेळ. मी मात्र त्याचा उलटा अर्थ लावला होता.

आधी पॅकिंग बदललं, खड्डे पुसून कोरडे केले, मग चारही वायरी आणि चारही प्लग एकदम, फट 1.1 मिमी. काल भर पावसात चार्नवूडच्या चढावर चौथ्या गिअरमध्येच घेऊन गेलो. एकही झटका नाही. वरपर्यंत तो एकसंध आवाज ऐकताना फार बरं वाटलं, दत्ता. तू शेजारी हवा होतास.

पुढच्या महिन्यात ताई कोल्हापूरला येतेय. तिच्याजवळ तो तिसरा प्लग देतोय. पोर्सिलीन पुसू नकोस. अप्पांना भिंगातून ती रेष दाखव आणि ते काय म्हणतात ते मला कळव.

तुझा,
सुहास