उन्हाळी की अडलेली लघवी?

प्रति,
संपादक महोदय,

पावसाळा सरता सरता नागपुरात घरोघरी ताप असतो, आणि ताप उतरला की काही मुलं लघवीची तक्रार सांगू लागतात. ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं, जोडीला दुकानातून विचारून आणलेलं अँटिबायोटिक. पण या एका शब्दाखाली दोन वेगळे आजार दडतात, आणि एकाचं औषध दुसऱ्यात त्रास वाढवतं.

पहिल्यात विषाणूमुळे मूत्राशयाच्या अस्तरालाच सूज येते. अ‍ॅडिनोव्हायरसचे 11 आणि 21 हे प्रकार त्यासाठी ओळखले जातात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे अधिक दिसतं. अचानक लालभडक लघवी, जळजळ, आणि दर दहा मिनिटांनी घाई. रक्त पाहून घर हादरतं, पण लाली बहुधा तीन ते पाच दिवसांत आपोआप जाते. इथे भरपूर पाणी द्यावं. फार आग होत असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसवून तिथेच लघवी करू द्यावी. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन नको. अँटिबायोटिकचा या विषाणूवर काहीच उपयोग नाही. लघवी लाल नसून काळ्या चहासारखी असेल आणि सकाळी डोळे सुजत असतील, तर दुखणं मूत्रपिंडाचं आहे. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा.

जिवाणू नाहीत हे कल्चरनेच (लघवीत जिवाणू वाढतात का, हे पाहणाऱ्या तपासणीनेच) कळतं, आणि घोळ होतो तो नमुना घेताना. साबणाने धुतलेली लोणच्याची बाटली चालत नाही, लॅबची निर्जंतुक डबीच हवी. जागा साध्या पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून मधली धरावी आणि तासाभरात पोचवावी; जमत नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवावी. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात डिकीत दोन तास राहिलेल्या लघवीत जिवाणू भराभर वाढतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टवर उमटतो. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधीच घ्यायचा. नंतरच्या कोऱ्या रिपोर्टला अर्थ नसतो.

दुसऱ्या आजारात लघवी तयार होते, पण बाहेर पडत नाही. कधी कारण साधं असतं: जळजळीच्या भीतीने मूल लघवी धरून ठेवतं, त्यात तापातली बद्धकोष्ठता. कधी मात्र विषाणूनंतर शरीराची प्रतिकारशक्ती मज्जारज्जूवर किंवा नसांवर उलटते आणि मूत्राशयाला निरोपच पोचत नाही. हे ताप उतरल्यावर काही दिवसांनी किंवा दोन-तीन आठवड्यांनीही होतं, त्यामुळे जुन्या तापाशी कोणी त्याचा संबंध जोडत नाही. फसवणारी खूण म्हणजे थेंब-थेंब गळणं. आईला वाटतं सारखी लघवी होतेय. खरं तर भरलेली टाकी वरून सांडत असते. सहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 210 मिली मावतं (वयात एक मिळवून तीसने गुणावं). त्याहून जास्त साचलं की ओटीपोटात घट्ट, गोल फुगवटा हाताला लागतो. अशा मुलाला पाणी पाजत राहणं म्हणजे दुखणं वाढवणं.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘लघवीआधी आणि लघवीनंतर’ असं लिहून घ्यावं. नुसत्या भरलेल्या मूत्राशयाच्या फोटोवरून किती उरली ते कळत नाही. बारा तास लघवी नाही, पाठ दुखते, जिना चढताना पाय लटपटतात, मांड्यांच्या आत बधीर वाटतं, यातलं एकही असेल तर सकाळची ओपीडी गाठायची वाट पाहू नये. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, यांपैकी जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे रात्रीच न्यावं. आधी नळीने मूत्राशय रिकामं करतात, मग पाठीचा एमआरआय.

नळीला पालक फार भितात. पण पायात ताकद परतल्यावरही मूत्राशय काही आठवडे मागे राहू शकतं. तोवर दिवसातून चार-पाच वेळा बारीक नळी घालून लघवी काढायला वॉर्डातल्या सिस्टर आईला शिकवतात, आणि बहुतेक आयांना ते जमतं.

– एक बालरोगतज्ज्ञ, नागपूर