रिकाम्या खुर्चीचा हिशेब

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड
१ नोव्हेंबर २०२०

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

निवडणूक तोंडावर आली असताना इथल्या सर्वोच्च न्यायालयातील जागा भरणे घटनेत बसते का, असा तुझा वकिली प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सरळ आहे : बसते. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवावे व सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, संमती द्यावी, एवढेच इथली घटना सांगते. मतदानाच्या किती दिवस आधी थांबावे, याविषयी तिच्यात एक अक्षर नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

१३ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती स्कालिया वारले, तेव्हा निवडणुकीला जवळजवळ नऊ महिने होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ओबामांनी अपील न्यायालयाचे न्यायाधीश मेरिक गार्लंड यांचे नाव सुचवले. पण सिनेटमध्ये बहुमत असलेल्या रिपब्लिकन पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल यांनी, आधी जनतेचा कौल येऊ द्या असे म्हणत, त्यांची साधी सुनावणीही होऊ दिली नाही, आणि २९३ दिवस ताटकळून ते नाव आपोआप बाद झाले. यंदा १८ सप्टेंबरला न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या, तेव्हा निवडणुकीला ४६ दिवस उरले होते. मॅकॉनेल यांनी त्याच रात्री सिनेटमध्ये मतदान होणार असे जाहीर केले, आणि गेल्या सोमवारी ५२ विरुद्ध ४८ मतांनी ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक झाली. या वेळी राष्ट्राध्यक्ष व सिनेट एकाच पक्षाचे आहेत, हे त्यांचे समर्थन. हा मुद्दा त्यांनी तेव्हाही मांडला होता, हे खरे; पण ठळक अक्षरांत होता तो जनतेचा कौल. 'मते आमच्याकडे आहेत' असे तेव्हाच रोखठोक सांगितले असते, तर मला ते आवडले नसते, पण निदान पटले असते.

लिंकनही निवडणूक होईपर्यंत थांबला होता, असा दाखला इथे सध्या उठता-बसता देतात. सरन्यायाधीश टॅनी १२ ऑक्टोबर १८६४ रोजी वारले, आणि लिंकनने सॅमन चेस यांचे नाव पाठवले ते निवडणूक जिंकल्यावर, ६ डिसेंबरला. मात्र सिनेटचे अधिवेशनच डिसेंबरमध्ये सुरू झाले आणि मधल्या काळात खुद्द चेस लिंकनच्या प्रचारात राबत होते, हे सांगायला सगळे सोयीस्करपणे विसरतात.

न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या तुमच्या कॉलेजियमच्या नावाने तू कितीही बोटे मोड, पण तुमच्या नागपूरचे सरन्यायाधीश बोबडे साहेब येत्या एप्रिलमध्ये निवृत्त होणार, हे त्यांनी शपथ घेतली त्या दिवशीच ठाऊक होते. पासष्ट झाले की खुर्ची सुटते. इथे ती सुटते राजीनाम्याने किंवा मरणाने, त्यामुळे सत्त्याऐंशी वर्षांच्या बाई इस्पितळात गेल्या की अर्धा देश धास्तावायचा आणि उरलेला मनातल्या मनात गणित मांडायचा.

२३ सप्टेंबरला आम्ही दोघे न्यायालयासमोरच्या रांगेत उभे होतो. पायऱ्यांच्या वर, खांबांच्या मध्ये, झेंड्याने झाकलेली शवपेटी होती. ठेवलेली होती ती १८६५ मध्ये लिंकनच्या शवपेटीसाठी केलेल्या चौथऱ्यावर. आमच्या पुढच्या बाईंनी गिन्सबर्ग घालत तशी लेसची कॉलर घातली होती, डोळे पाणावलेले होते, आणि हातातल्या फोनवर पुढच्या संभाव्य नावांची यादी उघडी होती. घरी परतताना आम्ही अपील न्यायालयाच्या इमारतीवरून गेलो. गार्लंड अजून तिथेच न्यायाधीश आहेत.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक