त्या ऑर्गनचा धनी कोण?

महोदय,

प्रोकोल हारम या ब्रिटिश बँडच्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' या गाण्यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आवडीने वाचला. गॅरी ब्रुकर यांचा आवाज आणि कीथ रीड यांचे गूढ शब्द यांबद्दल लेखकाने आपुलकीने लिहिले आहे. मॅथ्यू फिशर यांची बोळवण मात्र 'ऑर्गनवादक' या एका शब्दात झाली. इतर कुठल्या गाण्याविषयी असे झाले असते तर मी हे पत्र लिहिले नसते. पण ऑर्गन वाजवणारा हा त्या गाण्याचा एक कर्ता आहे की नाही, याच प्रश्नावर ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील पीठापर्यंत, दावा लढला गेला, आणि त्याचा निकाल फिशर यांच्या बाजूने लागला.

एका पार्टीत कानावर पडलेल्या वाक्यावरून रीड यांना शीर्षक सुचले. त्यांच्या शब्दांना ब्रुकर यांनी पियानोवर चाल लावली. खर्जातले सूर एकेक पायरी खाली उतरत जातात आणि त्यांवर गाण्याची ओळ तोलली जाते, ही रचना ब्रुकर यांचीच, आणि ती सुंदर आहे. फिशर बँडमध्ये आले ते त्यानंतर. त्या उतरत्या सुरांवर त्यांनी हॅमंड ऑर्गनची (एक विजेवर चालणारा ऑर्गन) आठ बारांची, म्हणजे तालाच्या आठ मापांची, स्वतंत्र धून बांधली. तीच धून गाण्याच्या आरंभी येते, कडव्यांच्या मध्ये परतते आणि शेवटीही पुन्हा उमटते. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले, मे १९६७ मध्ये तबकडी बाजारात आली आणि जूनमध्ये ती ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन सहा आठवडे तिथेच राहिली. तबकडीवर नावे होती फक्त ब्रुकर आणि रीड यांची.

मी बरीच वर्षे पियानो आणि कीबोर्ड शिकवतो. हे गाणे ऐकवून 'आता आठवेल ते वाजवा' असे सांगितले, की विद्यार्थ्यांची बोटे आधी ऑर्गनची ती धून शोधू लागतात. गायलेली ओळ त्यांना नंतर आठवते. शब्द तर बहुतेकांना समजलेलेच नसतात. ज्या सुरांवरून गाणे पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येते, त्यांना केवळ साथ म्हणणे माझ्या कानाला कधीच पटले नाही.

'ते तर जुने जर्मन संगीतकार बाख यांचेच सूर आहेत', असा आक्षेप अनेक जाणकार घेतात, आणि आपल्या लेखातही त्याची सूचना आहे. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रा स्वीटमधील 'एअर'ची छाया इथे आहे, हे खरेच. वर लांबवलेला पहिला सूर आणि खाली उतरत जाणारा खर्ज ऐकला की ती रचना आठवतेच. पण दोन्ही समोरासमोर ठेवून वाजवून पाहावे. पहिल्या काही क्षणांनंतर फिशर यांची धून स्वतःच्या वाटेने जाते, आणि त्यांच्या धुनेतील एकही पूर्ण वाक्य बाखमध्ये सापडत नाही. प्रेरणा घेणे आणि उचलणे यांतला फरक इथे कानांनाच कळतो.

फिशर यांनी दावा केला तो २००५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सहरचनाकार मानून संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने रचनाकार म्हणून त्यांचे स्थान कायम ठेवले, पण एवढ्या विलंबामुळे रॉयल्टी नाकारली. अखेर ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने त्यांचा वाटा परत दिला. विलंबामुळे प्रतिवादींचे नुकसान झालेले नव्हते, उलट इतकी वर्षे सारी रॉयल्टी त्यांच्याकडेच जात होती, हा त्यातला मला सर्वांत न्याय्य वाटलेला मुद्दा. त्या निकालातील एक न्यायाधीश बॅरोनेस हेल यांनी तर साठचे दशक आठवणाऱ्यांपैकी एक म्हणून, ऑर्गनच्या त्या अविस्मरणीय भागाच्या कर्त्याला अखेर मान मिळाल्याचा आनंद निकालपत्रात नोंदवला.

अशा निकालामुळे बँडमध्ये एकत्र बसून संगीत करणे अवघड होईल, ही ब्रुकर यांची भीती मी हलकी मानत नाही. तालमीत कोणी काय सुचवले याचा हिशेब कोण ठेवणार? तरीही उत्तर धुनेतच आहे. एखादी कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) बदलणे किंवा ठेका सुचवणे वेगळे, आणि मूळ चालीत नसलेली, गाण्याइतकीच लक्षात राहणारी आठ बारांची स्वतंत्र धून रचणे वेगळे. न्यायालयानेही निम्मा वाटा दिला नाही. मागच्या ३८ वर्षांची कमाईही फिशर यांना मिळाली नाही, केवळ दावा दाखल झाल्यापासूनची मिळाली. ब्रुकर यांचे मोठेपण त्यात कुठेही कमी झालेले नाही.

ब्रुकर २०२२ मध्ये गेले, रीड २०२३ मध्ये. आता हे गाणे छापील स्वरूपात आठवले जाईल तेव्हा श्रेयाची ओळ बिनचूक असावी, एवढीच विनंती आहे. पुढील अंकात दुरुस्ती छापणार असाल तर कृपया ती अशी छापावी: गीत कीथ रीड, संगीत गॅरी ब्रुकर आणि मॅथ्यू फिशर.

आपला,
एक नियमित वाचक