शेवटच्या दोन पर्यायांबद्दल

प्रिय मित्रा,

जीमॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेच्या, तयारीबद्दलचं तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. क्वांटची (गणिताच्या विभागाची) चिंता नाही, डेटा इनसाइट्सही (तक्ते-आलेखांतून माहिती काढण्याचा विभाग) मार्गी लागलंय, पण व्हर्बलचा, म्हणजे इंग्रजी उताऱ्यांच्या विभागाचा, आकडा जागचा हलत नाही आणि त्याचं कारण सीआर (क्रिटिकल रीझनिंग, छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासण्याचे प्रश्न) आहे, असं तू लिहितोस. तीन पर्याय पटकन बाद होतात, शेवटी दोन उरतात आणि त्यातला नेमका चुकीचा तुझ्या हातून निवडला जातो. त्यावर उपाय म्हणून तू रोजच्या प्रश्नांची संख्या वाढवली आहेस. मला मनापासून वाटतं, की त्याने फार फरक पडणार नाही. त्या दोन पर्यायांपाशी जो घोळ होतो, त्याचं मूळ आधीच, उतारा वाचताना पडलेलं असतं. पत्र लांबणार आहे, सवडीने वाच.

परीक्षेचं स्वरूप तुला माहीत आहे, तरी एक गोष्ट डोळ्यांसमोर असू दे. 2023 च्या शेवटी जीमॅटचं नवं रूप आलं आणि सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्य सुधारण्याचे प्रश्न, गेलं. आता व्हर्बलमध्ये आरसी (रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, लांब उताऱ्यांवरचे प्रश्न) आणि सीआर एवढंच, 45 मिनिटांत 23 प्रश्न. व्याकरणाच्या जोरावर गुण सावरून नेण्याची सोय संपली. हा बदल मला चांगला वाटतो, कारण उरलं ते सगळं विचार करण्याचं काम आहे आणि विचार करणं सरावाने येतं.

आता एक प्रश्न बघ. मीच तयार केलाय, पण साचा परीक्षेतलाच आहे.

‘एका ग्रंथालयाने उशिरा येणाऱ्या पुस्तकांवरचा दंड रद्द केला. त्यानंतरच्या वर्षात परत आलेल्या पुस्तकांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा बरीच वाढली. यावरून स्पष्ट होतं, की दंडाच्या धास्तीने वाचक मुदत उलटलेली पुस्तकं स्वतःकडेच ठेवून घेत होते.’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत करणारं विधान कोणतं?

अ) दंडातून मिळणारी रक्कम ग्रंथालयाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ होती.
ब) दंड रद्द झाल्यावरही काही वाचकांनी मुदत उलटलेली पुस्तकं परत केली नाहीत.
क) दंड रद्द केला त्याच सुमारास ग्रंथालयाने एका वेळी नेता येणाऱ्या पुस्तकांची मर्यादा दुप्पट केली आणि वर्षभरात बाहेर गेलेल्या पुस्तकांची संख्याही बरीच वाढली.
ड) दुसऱ्या एका ग्रंथालयात दंड वाढवल्यावर मुदत उलटलेली पुस्तकं परत येणं आणखी कमी झालं.
इ) बऱ्याच वाचकांना दंड रद्द झाल्याचं सूचनाफलकावरून कळलं.

अ आणि इ विषयाच्या आसपास घुटमळतात, युक्तिवादाला हात लावत नाहीत. ड तर त्याला बळ देतो. उरले ब आणि क, तुझे ‘शेवटचे दोन’. ब मोहात पाडतो, कारण तो ऐकायला विरोधासारखा वाटतो: दंड गेला तरी पुस्तकं आली नाहीत, म्हणजे दंड हे कारण नव्हतंच! पण उताऱ्यात ‘सगळे वाचक’ असं कुठे म्हटलंय? काही जणांनी पुस्तकं दिली नाहीत म्हणून बाकीचे दंडाला घाबरत होते ही गोष्ट खोटी ठरत नाही. क मात्र थेट मर्मावर बोट ठेवतो. पुराव्यात आहेत ‘परत आलेली पुस्तकं’, मुदतीत आलेली आणि उलटून आलेली सगळी मिळून. निष्कर्षात आहेत फक्त ‘मुदत उलटलेली’. जास्त पुस्तकं बाहेर गेली तर जास्त परत येणारच, त्यात दंडाचा संबंध असायलाच हवा असं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पर्यायांकडे नजर जाण्याआधी पुरावा आणि निष्कर्ष यांच्यात कोणता शब्द बदलला, हे तुला सांगता आलं पाहिजे. इथे तो बदल ‘परत आलेली’ आणि ‘मुदत उलटलेली’ यांच्यात आहे. हे ज्याने आधी पाहिलं, त्याला ब आणि क सारख्या तोलाचे वाटतच नाहीत. ज्याने पाहिलं नाही, त्याला पर्याय पाच वेळा वाचूनही दोन्ही बरोबरच दिसत राहतात आणि घड्याळ पळत राहतं.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या जुन्या दर्शनाने, पुरावा आणि निष्कर्ष यांच्यातल्या या पोकळ जागेचा फार सुंदर विचार केलाय. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. एवढ्यावर नैयायिक (या दर्शनाचे पंडित) थांबत नाहीत. प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष) अशा पाच अवयवांत ते अनुमान मांडतात आणि उदाहरणाच्या पायरीवर ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात’ हे उघड म्हणावं लागतं. परीक्षेचा उतारा नेमकी हीच पायरी गाळतो. असम्प्शनच्या (गृहीतकाच्या) प्रश्नात ती गाळलेली पायरी शोधायची असते, वीकनमध्ये (युक्तिवाद कमकुवत करण्याच्या प्रश्नात) ती मोडायची असते आणि स्ट्रेंग्थनमध्ये (बळकट करण्याच्या प्रश्नात) तिला टेकू द्यायचा असतो. तीन वेगळे प्रकार म्हणून तू वेगवेगळ्या युक्त्या पाठ करतो आहेस, पण तिन्हीकडे काम एकाच जागी आहे.

त्याच परंपरेतलं दुसरं उदाहरण तर मला फार आवडतं. धूर दिसला की अग्नी असतो, म्हणून अग्नी दिसला की धूर असेल असं म्हणता येईल का? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घे. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला लाकूड ओलं असावं लागतं. ‘अ असेल तर ब’ यावरून ‘ब आहे, म्हणजे अ असणारच’ अशी उडी मारायला लावणारे पर्याय जीमॅटमध्ये वारंवार भेटतात. तसा पर्याय दिसला, की लोखंडाचा गोळा आठव.

असम्प्शनच्या प्रश्नात शेवटच्या दोघांमधून एक निवडायचा असेल, तर नकार लावून बघ. ‘बाहेर गेलेल्या पुस्तकांची संख्या फारशी वाढली नव्हती’ हे गृहीतक वाटतंय? त्याला उलटं कर: संख्या बरीच वाढली होती. युक्तिवाद लगेच डळमळतो, म्हणजे ते गृहीतक खरंच लागत होतं. फक्त नकार नीट घालता आला पाहिजे. ‘सगळे घाबरत होते’ याचा नकार ‘कुणीच घाबरत नव्हतं’ हा नव्हे, ‘निदान एक जण तरी घाबरत नव्हता’ हा आहे. इथेच बरेच जण घसरतात आणि मग ही पद्धत चालत नाही असं म्हणतात.

संख्या आणि टक्के यांच्याबद्दल तू वेगळं विचारलं होतंस. त्यासाठी खरीखुरी गोष्ट सांगते, तीही पदव्युत्तर प्रवेशाचीच. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1973 च्या शरद सत्रासाठी आलेले अर्ज तपासले, तेव्हा पुरुष अर्जदारांपैकी सुमारे 44 टक्क्यांना प्रवेश मिळाला होता आणि स्त्री अर्जदारांपैकी सुमारे 35 टक्क्यांना. सरळ निष्कर्ष निघतो, की प्रवेश देताना स्त्रियांना डावललं गेलं. पीटर बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही आकडेवारी विभागवार मांडली आणि 1975 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा कल नाहीसा झाला, उलट तो किंचित त्यांच्या बाजूने झुकलेला निघाला. ज्या विभागांत प्रवेश मिळणंच सगळ्यांना कठीण होतं, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

यातून इव्हॅल्युएटचा अख्खा प्रश्न तयार होतो: ‘निष्कर्ष तपासायला कोणती माहिती सर्वांत उपयोगी?’ उत्तर, कुणी कोणत्या विभागात अर्ज केले. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. युक्तिवाद कमकुवत झाला म्हणून त्याच्या उलट गोष्ट सिद्ध झाली असं होत नाही. स्त्रिया त्याच विभागांकडे का वळत होत्या, त्यामागे शाळेपासूनची कोणती वाट होती, हा प्रश्न उरतोच. वीकनच्या प्रश्नात निष्कर्ष पूर्ण खोटा पाडणारा पर्याय तू शोधत बसतोस, असं मला तुझ्या उत्तरांवरून वाटलं. तेवढं कुणी मागितलेलं नसतं. विश्वास थोडा जरी ढळला, तरी तेच उत्तर, जर बाकी चौघे तेवढंही करत नसतील तर.

इन्फरन्सबद्दल (उताऱ्यावरून काय निघतं, असं विचारणाऱ्या प्रश्नांबद्दल) थोडक्यात सांगते, कारण तिथे तू बरा आहेस. तिथे पोकळी शोधायची नसते, उताऱ्यातून जे निघालंच पाहिजे तेवढंच घ्यायचं असतं. म्हणून ‘काही’, ‘निदान एक’, ‘असू शकतं’ असे मवाळ शब्द असलेले पर्याय तिथे बहुधा तग धरतात. हाच नियम वीकन-स्ट्रेंग्थनला लावू नकोस. तिथे पर्याय खराच मानायचा असतो, त्यामुळे तो जेवढा ठाम तेवढा चांगला. बोल्डफेसमध्ये, म्हणजे ठळक छापलेल्या वाक्यांची भूमिका विचारणाऱ्या प्रश्नात, आधी मुख्य निष्कर्ष कुणाचा आहे, लेखकाचा की विरोधकाचा, तेवढं ठरव. बाकी आपोआप सुटत जातं.

आता सरावाचं. रोजचे प्रश्न कमी कर, अगदी मोजके घे, आणि ते ऑफिशियल, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच, प्रश्नांतून घे. इतरांनी बनवलेल्या प्रश्नांत बरोबर उत्तर पुष्कळदा वादग्रस्त असतं, आणि वादग्रस्त उत्तर पटवून घेण्यात तुझा कान बिघडतो. प्रत्येक उतारा वाचल्यावर पर्याय झाकून ठेव आणि मराठीत एका ओळीत लिही: अमुक आहे, म्हणून तमुक. इंग्रजी वाक्याचा डौल त्यात गळून जातो आणि सांगाडा दिसतो. त्याखाली लिही, मधे काय गाळलंय. मगच पर्याय उघड. सुरुवातीला याला खूप वेळ लागेल. लागू दे, पहिले काही आठवडे घड्याळ लावूच नकोस. ही सवय हाताला लागली, की लिहिण्याची गरज उरत नाही आणि वेग मागोमाग येतो.

प्रश्न सुटल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. उत्तर बरोबर आलं तरी चारही चुकीच्या पर्यायांसमोर एकेक कारण लिही. ‘विषयाबाहेर’ हे कारण म्हणून चालणार नाही. उताऱ्यातला कोणता शब्द त्याला बाहेर काढतो, ते लिही. जो पर्याय तुला मोहात पाडून गेला, त्याच्यापुढे तो खरा ठरायला उताऱ्यात काय असायला हवं होतं, हे लिही. वरच्या ब साठी मी ‘निष्कर्षात सगळे वाचक हवे होते’ असं लिहीन. अशा नोंदींची पानं भरत गेली, की तुझ्या मनाचे ठरावीक ओढे तुला दिसायला लागतील. कुणाला टोकाच्या शब्दांची भुरळ पडते, कुणाला ओळखीच्या माहितीची. तुझा ओढा कुठे आहे ते मी इथून सांगू शकत नाही, तुझी वही सांगेल.

मॉक (पूर्ण सराव परीक्षा) मात्र घड्याळ लावूनच दे. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरं बदलता येतात. ती सवलत खरोखर अडलेल्या प्रश्नांसाठी राख, आणि अडलेल्या प्रश्नावर खुणेचा बुकमार्क टाकून काहीतरी उत्तर देऊन पुढे जा. विभाग अपुरा राहिला तर गुणांना फटका बसतो.

जाता जाता तुला एक काम देते. ‘एका कारखान्यात सुरक्षेचं कसून प्रशिक्षण दिलं गेलं. पुढच्या वर्षी तिथे नोंदवल्या गेलेल्या अपघातांची संख्या वाढली. तरीही कारखान्यातलं काम आधीपेक्षा सुरक्षित झालं होतं.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांचा मेळ घालायचा आहे. पर्याय मुद्दामच देत नाही. उताऱ्यातला कोणता शब्द तुला वाट दाखवतो ते आधी लिही, मग निदान तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं तयार कर, आणि पुढच्या पत्रात धाड. सोबत तुझ्या वहीतली दोन पानंही पाठव, जिथे अजून अडतंय ती. मी एकेक ओळ वाचून उत्तर लिहीन.

तुझी मैत्रीण