जुगार, कामेच्छा आणि कंपवाताची गोळी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘बाई दिसली की पुरुषाचा खिसा सैल होतो’ अशा थाटाच्या विज्ञानवार्ता चवीने वाचल्या जातात. मूळ प्रयोग मात्र लहानसा आहे. २००८ साली स्टॅनफर्डच्या ब्रायन नटसन यांच्या गटाने १५ तरुणांना एमआरआय यंत्रात कधी कामुक चित्रे, कधी साप-कोळी, कधी स्टेपलरसारख्या वस्तू दाखवल्या आणि लगेच पैज निवडायला सांगितली, एक डॉलरची की दहा सेंटची. कामुक चित्रानंतर मोठ्या पैजेकडे वळण्याचा कल वाढला, आणि त्यात मेंदूतल्या न्यूक्लियस अॅक्युम्बेन्स या भागाचा हात दिसला. काहीतरी मिळणार अशी चाहूल लागताच हा भाग चेततो. चाहूल शरीरसुखाची की पैशाची, याचा फारसा विधिनिषेध त्याला नाही. तरी चहाच्या पैशांच्या पैजेवरून शेअर बाजाराचे भाकीत करू नये.

याहून ठोस पुरावा औषधाच्या दुकानात आहे. कंपवातावरच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्या डोपामाइन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाची नक्कल करतात. कंपवातात हालचाली सांभाळणाऱ्या भागातले डोपामाइन आधी आटते, अॅक्युम्बेन्सकडचे सुरुवातीला बरेचसे शाबूत असते. त्यामुळे हाताची थरथर थांबवायला जो डोस बेताचा, तोच तिकडे जास्त होतो. शिवाय डोपामाइन जिथे चिकटते त्या ग्राहींपैकी (रिसेप्टर) डी-३ प्रकाराला प्रामिपेक्सोल अधिक घट्ट चिकटते, आणि हे ग्राही अॅक्युम्बेन्सकडेच दाटीने असतात. अमेरिका-कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या २०१० मधील पाहणीत अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ६.९ टक्के जणांत जुगार, अनावर कामेच्छा, बेसुमार खरेदी किंवा अधाशी खाणे यांपैकी काहीतरी आढळले. काहींत दोन-दोन.

आपल्याकडे हे उशिरा कळते, कारण विचारले जात नाही. ‘झोप कशी आहे’ हा प्रश्न होतो. ‘रात्री मोबाइलवर काय चालते’ हा होत नाही. पत्नीसमोर रुग्ण बोलत नाही आणि रुग्णासमोर पत्नी, म्हणून दोघांना वेगवेगळे विचारावे. गोळी सुरू करतानाच कल्पना द्यावी आणि डोस वाढवला की पुन्हा चौकशी करावी. महिन्याचे बँक स्टेटमेंट, नव्याने उघडलेले डीमॅट खाते, न सांगता काढलेले कर्ज यांकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. म्हाताऱ्याला चळ लागला म्हणून टोमणे मारण्याआधी गोळ्यांची पट्टी उलटून नाव वाचावे.

नाव सापडले तरी गोळी परस्पर बंद करू नये. एकदम थांबवल्यास घबराट, घाम, नैराश्य उसळते आणि लेव्होडोपा हे कंपवातावरचे दुसरे औषध वाढवूनही ते शमत नाही. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, हालचालींसाठी लेव्होडोपाची सांगड घालतात. तोवर डेबिट कार्ड आणि यूपीआयचा पिन दुसऱ्याकडे असलेला बरा. आणि हो, रात्री पाय वळवळतात म्हणून हीच गोळी कमी डोसात घेणाऱ्यांनाही हे प्रश्न विचारायला हवेत. त्यांना तर कंपवात नसतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

– एक मेंदूविकारतज्ज्ञ, पुणे